हाड न कापता आत पाहायचं तर: मॉर्फोसोर्स आणि स्लायसरमॉर्फ यांचं परीक्षण

संग्रहालयातल्या कवटीची आतली पोकळी पाहायची तर एके काळी ती करवतीनं कापावी लागे. कापलेलं पुन्हा सांधता येत नाही, आणि नमुना एकुलता एक असेल तर संग्रहपाल परवानगी देत नाहीत, देऊही नये. सीटी स्कॅन आल्यावर हा पेच सुटला, पण दोन नवे प्रश्न उभे राहिले. स्कॅन मिळवायचा कुठून, आणि मिळालेला वाचायचा कशात? पहिल्याचं उत्तर आहे मॉर्फोसोर्स, म्हणजे जगभरच्या संग्रहालयांतल्या नमुन्यांचे स्कॅन साठवणारं आणि उतरवून घेऊ देणारं संकेतस्थळ. दुसऱ्याचं उत्तर थ्रीडी स्लायसर ही प्रणाली आणि तिला जोडायचं स्लायसरमॉर्फ. दोन्ही फुकट आहेत. प्राणी-पुरातत्त्व, प्राणिशास्त्र किंवा पशुवैद्यकातली शरीररचना शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी या जोडीवर किती विसंबावं, हे इथे सांगायचं आहे.

निकाल आधीच देतो. हाडाचा आकार आणि आतली रचना पाहायला ही जोडी उत्तम आहे. मापं घ्यायला चांगली आहे, पण प्रत्येक फाइलची प्रमाण-चाचणी केल्यावरच. आणि उत्खननात निघालेलं हाड गायीचं, म्हशीचं की नीलगायीचं, हे ठरवायला आपल्याकडच्या खऱ्या हाडांच्या संदर्भसंग्रहाची जागा ती घेऊ शकत नाही.

मॉर्फोसोर्समध्ये काय मिळतं

हे भांडार अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डग बॉयर यांच्या पुढाकारानं २०१३ मध्ये सुरू झालं. त्यात खरी भर पडली ती ओपनव्हर्टिब्रेट या प्रकल्पानं. २०१७ ते २०२३ या काळात, फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या नेतृत्वाखाली १८ संस्थांनी मिळून १३,००० हून अधिक पृष्ठवंशी नमुने स्कॅन केले. उभयचर, सरपटणारे, मासे आणि सस्तन प्राणी यांच्या निम्म्याहून अधिक प्रजाती-गटांचा किमान एक तरी नमुना त्यात आला आहे. या कामातून अनपेक्षित गोष्टीही हाती लागल्या. आफ्रिकेतल्या काटेरी उंदराच्या शेपटीच्या कातडीखाली हाडांच्या चकत्यांचं चिलखत असतं, हे स्कॅनच्या पडद्यावर दिसलं. सस्तन प्राण्यांत असं चिलखत आर्माडिलोखेरीज फारसं कुणाकडे नसतं.

नमुन्यांची निवड कशी झाली, यावर तुमच्या विषयाचं काय मिळेल ते ठरतं. प्रकल्पाचा भर मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांवर होता. म्हणून बेडूक, सरडे, साप, मासे, वटवाघळं, उंदीर, चिचुंद्र्या यांची रेलचेल आहे. मोठे खूरवाले प्राणी त्या मानानं कमी, आणि जे आहेत त्यांत सुट्या कवट्याच जास्त. पायाच्या सगळ्या हाडांचा संच शोधणाऱ्याला हिरमुसून परतावं लागतं. स्कॅनरमध्ये न मावणाऱ्या कुबड्या देवमाशाचा सांगाडा सुटा करून एकेक हाड पृष्ठभागीय स्कॅनरनं टिपलं, हे मात्र कौतुकानं सांगायला हवं.

खातं उघडायला पैसे लागत नाहीत. शोधताना शास्त्रीय नावच टाका. इंग्रजीतल्या बोलीनावानं अर्धेअधिक नमुने हुकतात. जुनं नावही टाकून पाहा, कारण संग्रहालयाच्या नोंदवहीत वर्गीकरणातले बदल लगेच उतरत नाहीत. नमुन्याचं पान उघडलं की संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक, स्कॅनची यादी आणि ब्राउझरमध्येच फिरवून पाहता येणारं चित्र मिळतं. काही फाइली लगेच उतरतात, काहींसाठी विनंती करावी लागते. दोन्ही वेळा वापराचा हेतू लिहायचा असतो. तिथे एका शब्दात 'संशोधन' असं लिहून मोकळं होऊ नका. कोणतं हाड, कोणती तुलना, कुठली संस्था, हे तीन-चार वाक्यांत लिहा. मंजुरी देणारा माणूस त्या संग्रहालयातला असतो, त्याला हे वाचूनच निर्णय घ्यायचा असतो. मंजुरी कधी येईल याची हमी नाही, म्हणून प्रबंधाची तारीख विनंतीच्या फाइलींवर अवलंबून ठेवू नये.

परवाना प्रत्येक फाइलीचा वेगळा असतो. बहुतेक ठिकाणी अव्यावसायिक वापराला मुभा आणि संग्रहालयाचा उल्लेख बंधनकारक असतो. वर्गात दाखवण्यासाठी त्रिमिती छपाई चालते, पण तोच छाप विकणं चालत नाही. लेखात फाइलीचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक द्यावा लागतो. तो उतरवतानाच टिपून ठेवा, नंतर शोधताना दमछाक होते.

मेश नको, कापांचा संच घ्या

एकाच नमुन्याच्या बहुधा दोन प्रकारच्या फाइली असतात. एक तयार पृष्ठभागाची, म्हणजे मेश. ती काही मेगाबाइटांची असते आणि पटकन उघडते. दुसरी कापांच्या चित्रांचा अख्खा संच, टिफ किंवा डायकॉम स्वरूपात. तो कित्येक गिगाबाइटांचा असू शकतो. नवखा माणूस मेश उचलतो. आमचा आग्रह संचाचा आहे.

मेशमध्ये दुसऱ्या कुणीतरी आधीच निर्णय घेऊन ठेवलेला असतो. कोणत्या राखाडी छटेपुढे हाड मानायचं, किती गुळगुळीत करायचं, किती त्रिकोण कमी करायचे, ही सगळी ठरवाठरवी त्यात गोठलेली असते आणि बहुतेक वेळा तिची नोंद नसते. नाकातली कागदासारखी पातळ हाडं गळून गेली असतील, तर ती स्कॅनमध्येच नव्हती की मेश करताना गेली, हे कळायला मार्ग नाही. शिवाय एसटीएल फाइलीत लांबीचं एकक लिहिलेलंच नसतं. आकडा ४२ दिसतो. तो मिलिमीटर की व्होक्सेल, हे फाइल सांगत नाही. वर्गात दाखवायला, छापायला मेश ठीक. मापं घ्यायची असतील, दातांची मुळं किंवा मज्जापोकळी पाहायची असेल, तर संचाला पर्याय नाही.

व्होक्सेल म्हणजे स्कॅनमधला सर्वांत लहान घन ठोकळा. त्याची लांबी-रुंदी-उंची नमुन्याच्या पानावर दिलेली असते. तीच सगळ्या मापांची पायाभरणी आहे. पानावर क्ष-किरणांचं व्होल्टेज, विद्युतप्रवाह, गाळणीचा धातू, प्रक्षेपांची, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून टिपलेल्या चित्रांची, संख्या हेही असतं. नोंदी भरगच्च असतील तर स्कॅन करणाऱ्यानं काम मनापासून केलंय असं समजा. व्होक्सेलचा रकानाच रिकामा असेल तर ती फाइल मोजमापासाठी बाद.

स्लायसर बसवताना आणि संच उघडताना

थ्रीडी स्लायसर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. स्थिर आवृत्ती घ्या, एक्स्टेन्शन्स मॅनेजरमधून स्लायसरमॉर्फ जोडा, प्रणाली बंद करून पुन्हा सुरू करा. सिॲटलमधले मुरत मागा आणि त्यांचे सहकारी यांनी ही जोडणी खास जीवशास्त्रातल्या आकारमितीसाठी बनवली. मूळ स्लायसर डॉक्टरांसाठी आहे. त्यात टिफचे संच उघडणं हा उपद्व्याप होता, तो स्लायसरमॉर्फनं सोपा केला.

संगणक केवढा लागतो? स्लायसरचीच शिफारस आहे की उघडायच्या माहितीच्या दहापट स्मृती (रॅम) हवी. हिशेब असा करा: १,५०० गुणिले १,५०० पिक्सेलांचे १,२०० काप, १६ बिटांचे, म्हणजे सुमारे ५.४ गिगाबाइट. दहापट म्हणजे ५४. एवढी स्मृती असलेला संगणक महाविद्यालयात क्वचितच असतो. पण तिन्ही बाजूंनी निम्मं रिझोल्यूशन केलं की आकारमान आठपट घटतं, ०.७ गिगाबाइटच्याही खाली येतं, आणि ८ गिगाबाइटच्या लॅपटॉपवरही काम रेटता येतं. इमेजस्टॅक्स या विभागात पूर्वदर्शन, निम्मं आणि पूर्ण असे पर्याय असतात. आधी पूर्वदर्शनात उघडा, हव्या त्या भागाभोवती चौकट आखा, मग फक्त तेवढाच भाग पूर्ण रिझोल्यूशननं आणा. अख्खी कवटी पूर्ण ओढून संगणक गोठवण्यापेक्षा कर्णकुहराचा दोन सेंटिमीटरचा भाग नीट पाहिलेला बरा.

आता चुका. पहिली आणि सर्वांत सार्वत्रिक: व्होक्सेलचं माप न भरणं. रकान्यात आपसूक १ असतो. तो तसाच राहिला तर १,२०० कापांची मुंगसाची कवटी १.२ मीटर लांब दिसते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. मायक्रोमीटर आणि मिलिमीटर यांची गल्लत झाली तरी हजारपट फरक पडतो, तोही लपत नाही. लपतो तो दुपटीचा घोटाळा. संच आधीच दुसऱ्या प्रणालीत निम्मा करून घेतला आणि व्होक्सेलचं माप मूळचंच भरलं, तर प्रत्येक माप निम्मं येतं. बैलाचं हाड कालवडीचं वाटावं इतकाच हा फरक असतो, म्हणून तो पचून जातो.

दुसरी चूक जास्त धोक्याची: आरशातलं हाड. कापांचा क्रम उलटा वाचला गेला तर डाव्या बाजूचं हाड उजवं होऊन पडद्यावर येतं. इमेजस्टॅक्समध्ये क्रम उलटवण्याची सोय आहे, पण उलटवायची गरज आहे हे आधी कळायला हवं. सुट्या हाडाची बाजू नोंदवहीत असते, ती पडताळा. कवटी दोन्ही बाजूंनी सारखी असल्यानं तिथे तुटलेला दात, डोळ्याच्या खोबणीची भेग अशी एखादी खूण संग्रहालयाच्या छायाचित्राशी जुळवावी लागते. हाडावर शाईनं लिहिलेला क्रमांक वाचून खात्री करू म्हणाल, तर ती शाई सीटीत सहसा दिसत नाही. मद्यार्कातल्या अख्ख्या नमुन्यात यकृताची बाजू पाहून अंदाज घेता येतो.

तिसरी किरकोळ: फोल्डरात कापांबरोबर एखादं वेगळ्या आकाराचं पूर्वदर्शन-चित्र पडलेलं असतं, आणि त्या एका फाइलीपायी अख्खा संच उघडत नाही. ती बाजूला काढा.

हाड वेगळं काढणं

हाड वेगळं काढायच्या सेगमेंट एडिटर या विभागात थ्रेशोल्ड, म्हणजे कोणत्या छटेपुढे हाड मानायचं तो आकडा, हे पहिलं हत्यार. आजूबाजूच्या हवेची छटा ८,००० आणि घट्ट हाडाची ४०,००० असेल, तर मधला २४,००० हा सुरुवातीचा आकडा. नजरेला बरं दिसेल तिथे सरकपट्टी थांबवणं ही पद्धत नव्हे. दोन विद्यार्थी दोन ठिकाणी थांबतील आणि दोघांची मापं वेगळी येतील. छटांच्या मध्याचा नियम ठरवा, आकडा टिपा, आणि एकाच अभ्यासातल्या सगळ्या नमुन्यांना तोच नियम लावा. आकडा मात्र तोच लावू नका. औद्योगिक सूक्ष्म-सीटीतल्या छटा रुग्णालयातल्या सीटीसारख्या प्रमाणित नसतात. यंत्र, व्होल्टेज, गाळणी बदलली की त्याच हाडाची छटा बदलते. म्हणूनच दोन संग्रहालयांच्या स्कॅनमधल्या छटांवरून 'हे हाड अधिक घन' असं म्हणता येत नाही. घनताच मोजायची तर हायड्रॉक्सिॲपटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजाचा, प्रमाण-ठोकळा नमुन्याबरोबरच स्कॅन झालेला असावा लागतो.

दोन-तीन व्होक्सेलांपेक्षा पातळ हाड थ्रेशोल्डमध्ये टिकत नाही. त्याची छटा हवेत मिसळून फिकी होते. नाकाची पटलं, चिमुकल्या वटवाघळाचा गालफडाचा कमानीसारखा भाग, पक्ष्यांच्या हाडांमधल्या आधारकाड्या इथे भोकं पडलेली दिसली, तर तो रोग नाही की झीज नाही. रिझोल्यूशन कमी पडलं. पुढे सुटे तुकडे निवडणाऱ्या आयलंड्स या हत्यारात 'सर्वांत मोठं बेट ठेवा' ही आज्ञा देताना सांभाळा. धूळ-कचरा जातो तसे सुटे दात, गुडघ्याची वाटी आणि कानातली हाडंही त्याच फटक्यात जातात. ठरावीक आकाराहून लहान तुकडेच काढण्याचा पर्याय अधिक सुरक्षित.

मेंदूची पोकळी भरून काढायला सरफेस रॅप सॉलिडिफाय ही आणखी एक जोडणी फार छान चालते, पण मोठी भोकं आधी बुजवली तरच. नाहीतर भरण कवटीच्या मागच्या, मज्जारज्जूच्या मोठ्या भोकातून बाहेर सांडतं.

या जोडीचं खरं मोल जबड्यात कळतं. शेळी-मेंढीच्या किंवा गुरांच्या खालच्या जबड्यावरून मरतेवेळचं वय ठरवताना न उगवलेली दाढ कुठवर आली आहे हे कळायला हवं असतं. बाहेरून ती दिसत नाही, आणि जबडा फोडला तर नमुना गेला. सीटीत तिसरी दाढ तिच्या खोबणीत बसलेली, तिच्या शिखरांवर इनॅमल कुठवर चढलंय, मुळं सुरू झालीत की नाही, हे सगळं स्वच्छ दिसतं. इनॅमल त्याखालच्या डेन्टिनपेक्षा बरंच उजळ असल्यानं दुसरा थ्रेशोल्ड लावून ते वेगळंही काढता येतं. कोंबडीच्या नळीच्या हाडात अंडी घालण्याच्या काळात साठणारं मज्जास्थीही असंच न फोडता ओळखता येतं. कळपात अंड्यांवरच्या माद्या होत्या का, या प्रश्नाला थेट पुरावा मिळतो. ओझं ओढणाऱ्या बैलांच्या खुरावरच्या हाडांना बाहेरून वाढलेले काठ दिसतात, पण भिंतीची जाडी कुठल्या बाजूला वाढली हे कापाशिवाय कळत नाही. इथे काप पडद्यावर घेता येतो.

दख्खनच्या उत्खननातली हाडं मात्र या प्रणालीची परीक्षा पाहतात. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींमधल्या हाडांवर अनेकदा चुनखडीचा, म्हणजे कंकराचा, थर चढलेला असतो आणि पोकळीत माती घट्ट बसलेली असते. कंकराची छटा हाडाच्या इतकी जवळ येते की एका थ्रेशोल्डनं दोन्ही वेगळे होत नाहीत. तिथे ग्रो फ्रॉम सीड्स वापरून हाड, माती आणि हवा यांना वेगवेगळे ठिपके द्यावे लागतात, दर दहा-पंधरा कापांनी हातानं दुरुस्ती करावी लागते. एका जबड्याला अख्खा दिवस जाऊ शकतो. आपोआप होईल या आशेवर वेळापत्रक आखू नका.

मापं किती खरी

हाडांच्या मापांसाठी जगभर आंगेला फॉन डेन ड्रीश यांची १९७६ ची पद्धत चालते: कमाल लांबी, वरच्या टोकाची रुंदी, खालच्या टोकाची रुंदी, मधल्या दांड्याची किमान रुंदी. ही मापं कॅलिपरच्या जबड्यात हाड टेकवून घ्यायची म्हणून ठरवलेली आहेत. पडद्यावर हाड टेकत नाही. मार्कअप्स या बिंदू ठेवायच्या विभागात दोन बिंदू ठेवून अंतर काढलं तर ते बहुधा खऱ्या कमाल लांबीपेक्षा थोडं कमीच भरतं, कारण सर्वांत बाहेरचा बिंदू डोळ्यानं नेमका सापडत नाही. हाड आधी त्याच्या लांबीच्या अक्षावर सरळ बसवा, मग दोन समांतर प्रतलांमधलं अंतर घ्या. कॅलिपर जे करतो तेच हे करतं.

थ्रेशोल्ड हलला की पृष्ठभाग दोन्ही बाजूंनी साधारण एकेक व्होक्सेल सरकू शकतो. ३० मिलिमीटर लांबीचं शेळीचं घोट्याचं हाड ०.०५ मिलिमीटर व्होक्सेलवर स्कॅन केलं असेल तर चूक ०.१ मिलिमीटरपर्यंत, कॅलिपरचीही तेवढी असतेच. तेच हाड रुग्णालयाच्या सीटीत ०.५ मिलिमीटरवर घेतलं तर चूक १ मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक. शेळी-मेंढीतले फरक एवढ्यात बुडून जातात.

म्हणून चाचणी अशी: खऱ्या हाडावर कॅलिपरनं तीन मापं घ्या, एक लांबीचं, एक रुंदीचं, एक जाडीचं, तिन्ही दिशांना. स्कॅनवरची मापं दोन व्होक्सेलांच्या आत जुळली तर पुढे चला. एकाच दिशेत फरक असेल तर कापांमधलं अंतर चुकीचं भरलंय. तिन्हींत एकाच प्रमाणात असेल तर व्होक्सेलचं माप चुकलंय. तिन्हींत मिलिमीटरचा सारखाच फरक असेल तर थ्रेशोल्ड. हाड परदेशातल्या संग्रहालयात असेल तर संग्रहपालांना नम्रपणे दोन मापं विचारा. बहुतेक जण आनंदानं पाठवतात.

खुणेच्या बिंदूंवरून आकाराची तुलना करणारा जीपीए विभाग भरवशाचा आहे. बिंदू आपोआप ठेवणारी अल्पाका ही सोय जवळच्या जातींमध्ये वेळ वाचवते. शिंगांचे आकार फार वेगळे असले की ती भरकटते, तेव्हा बिंदू एकेक तपासावेच लागतात.

भारतीय कामासाठी मुख्य उणीव नमुन्यांच्या संख्येची आहे. भांडारात परदेशी, त्यातही अमेरिकी संग्रहालयांचं प्राबल्य. एखाद्या जातीचा एक-दोन कवट्यांचा नमुना पाहून नर-मादी, वय, वाण यांमुळे हाड किती बदलतं ते कळत नाही. वशिंडाची गाय, म्हैस आणि नीलगाय, किंवा शेळी, मेंढी, काळवीट आणि चिंकारा, ही आपल्याकडची नेहमीची कोडी. ती सोडवायला पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्यासारखा खऱ्या सांगाड्यांचा संग्रहच लागतो. आकारावरून शेळी-मेंढी ठरेना, तर हाडातल्या कोलॅजनच्या पेप्टाइडांवरून ओळख पटवण्याची झूएमएस पद्धत आहे. काही वेळा पीव्हीसी खोडरबर हाडावर हलकेच घासून मिळालेला चुराही तिला पुरतो. पण उष्ण हवामानात कोलॅजन गेलेलं असेल तर तीही मुकी होते.

आपल्या संग्रहातलं हाड स्कॅनला देताना

रिझोल्यूशनचा अंदाज सोपा आहे. शोधकावर, म्हणजे क्ष-किरण टिपणाऱ्या पाटीवर, रुंदीत साधारण २,००० पिक्सेल असतील तर नमुन्याची रुंदी भागिले २,००० म्हणजे व्होक्सेल. १०० मिलिमीटर रुंद कवटीला ०.०५. दाढेच्या मुळांसाठी हे पुरे. कानातल्या सर्पिल नळीसाठी तो भाग वेगळा, जवळून घ्यावा लागतो. प्रयोगशाळेला आधीच सांगून ठेवायच्या गोष्टी म्हणजे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची गाळणी लावा, प्रक्षेप कमी करून वेळ वाचवू नका, आणि कापांचा १६ बिटांचा संच द्या, नुसता रंगवलेला व्हिडिओ नको. गाळणी नसली तर जाड हाडाची कड उजळ आणि गाभा काळपट दिसतो, आणि आत झीज आहे असा खोटा भास होतो.

हाड फोममध्ये कोरलेल्या खोबणीत, किंचित तिरकं उभं बसवा. पॉलिथिलीन फोम क्ष-किरणांना जवळपास पारदर्शक असतो. कापूस नको, त्याचे तंतू दातांच्या भेगांत अडकतात. फिरताना हाड केसभर हललं तरी प्रत्येक कड दुहेरी येते, आणि ही चूक नंतर कुठल्याही प्रणालीत सुधारत नाही. मद्यार्कातला नमुना बाहेर काढून निथळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर स्कॅन चालू असतानाच तो सुकून आक्रसतो. उजव्या बाजूला फोमवर प्लास्टिकचा लहान मणी चिकटवा. आरशाचा घोटाळा तिथेच संपतो. जुन्या जोडलेल्या सांगाड्यांतल्या तारा आणि खिळे आधी सांगा, कारण धातूभोवती पांढऱ्या-काळ्या रेघांची आतषबाजी होते आणि शेजारचं हाड दिसेनासं होतं.

गवा, गेंडा यांच्यासारख्या मोठ्या कवट्या रुग्णालयाच्या सीटीतच जातात. तिथे एका कापात ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल असतात, म्हणजे २५० मिलिमीटरची चौकट घेतली तर एक पिक्सेल सुमारे अर्धा मिलिमीटर. चौकट शक्य तेवढी लहान आणि काप पातळात पातळ मागा, आणि डायकॉमची मूळ प्रत मागून घ्या. हाडासाठीचा तीक्ष्ण फिल्टर कडांना खोटी चमक देतो; मापांसाठी मऊ फिल्टरचा संचही सोबत घ्या.

नुसता बाहेरचा आकार हवा असेल तर सीटीवर पैसे घालू नका. पट्टीसकट चांगले प्रकाशचित्रसंच आणि मेशरूमसारखी फुकट प्रणाली लांब हाडांना पुरते. आर्टेक स्पेस स्पायडरसारखा हातातला स्कॅनर वेगवान आहे, पण चकचकीत इनॅमल, पातळ कडा आणि खोल भोकं त्यालाही जमत नाहीत.

स्कॅननं हाडाला ओरखडा उठत नाही, पण क्ष-किरण आतून जातात हे विसरू नये. प्राचीन डीएनए जपायचा असेल तर एकूण मात्रा २०० ग्रेच्या (ग्रे हे प्रारणाच्या मात्रेचं एकक) खाली ठेवावी, अशी शिफारस २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून करण्यात आली. साध्या सूक्ष्म-सीटीत मात्रा सहसा त्याहून बरीच कमी असते. सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, मर्यादा ओलांडली जाऊ शकते. दातांच्या इनॅमलवरून इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सनं काळ काढायचा असेल तर मात्र साधा सीटीही आकडा बिघडवतो, कारण ती पद्धत मुळात साठलेलं प्रारणच मोजते. म्हणून कालमापनाचा आणि डीएनएचा नमुना आधी काढावा, स्कॅन नंतर, आणि प्रत्येक स्कॅनची तारीख, व्होल्टेज, प्रवाह, वेळ नमुन्याच्या कार्डावर लिहावी. मऊ ऊतींसाठी आयोडीनच्या द्रावात नमुना भिजवण्याची पद्धत संग्रहालयातल्या हाडांवर नको. ते द्रावण आम्ल होत जातं आणि हाडातलं खनिज विरघळवू शकतं.

शिक्षकांसाठी एक मोठी सोय. काळवीट, बिबट्या यांची हाडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाहीत. परवाना पाहून उतरवलेल्या स्कॅनचा त्रिमिती छाप विद्यार्थ्यांच्या हातात बेलाशक देता येतो. छापाआधी मेश दोन-तीन लाख त्रिकोणांवर आणा, आणि माप एकास एक ठेवा. लहान करून छापलेल्या हाडावरून प्राण्याच्या आकाराचा अंदाज शिकवता येत नाही.

काम संपल्यावर चार गोष्टी एका फोल्डरात ठेवा: मूळ झिप न उघडता, व्होक्सेलचं माप आणि थ्रेशोल्ड लिहिलेली साधी मजकूर-फाइल, वेगळ्या काढलेल्या हाडाची म्हणजे सेगमेंटेशनची फाइल, आणि बिंदूंची मार्कअप फाइल. स्लायसरचं सगळं एका गठ्ठ्यात जतन करणारं स्वरूप सोयीचं वाटतं, पण पाच गिगाबाइटांचा तो गठ्ठा लिहिताना मध्येच वीज गेली की सगळंच जातं.